जुन्या काळच्या व्यावसायिक पूल स्पर्धा आणि त्या भरवणारी माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूलच्या इतिहासात जिंकणाऱ्यांची नावं टिकली. स्पर्धा भरवणाऱ्यांची नावं मात्र पुसट होत गेली. टेबलं समपातळीत आणणं, भिंतीवरचा तक्ता रात्री दोन वाजता भरणं, शेवटच्या दिवशी ठरलेली रक्कम खेळाडूच्या हातात ठेवणं ही कामं कोणी केली, याची नोंद निकालाच्या यादीत सापडत नाही. अमेरिकेतल्या जुन्या स्पर्धांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं खाली आहेत. त्या पद्धतीची स्पर्धा आज भरवायची असेल तर लागणारे तपशीलही दिले आहेत.

पूल, बिलियर्ड्स आणि स्नूकर एकच का?

नाही. आपल्याकडे क्लबमध्ये तिन्हींना सरसकट बिलियर्ड्स म्हणतात, त्यामुळे जुनी कात्रणं वाचताना घोळ होतो. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी विजेते झाले ते इंग्लिश बिलियर्ड्समध्ये. स्नूकरचा जन्म १८७५ चा, जबलपूरच्या लष्करी मेसमधला. पूल हा अमेरिकन खेळ आहे. टेबल लहान, पॉकेट रुंद, पंधरा रंगीत बॉल आणि एक पांढरा. या पानावर फक्त पूल आहे.

जुन्या निकालांत '१४.१' असं लिहिलेलं असतं. ते काय आहे?

तो स्ट्रेट पूल. १९१० च्या सुमारास जेरोम केओ याने ही पद्धत बसवली आणि पुढची पन्नासेक वर्षं 'जागतिक विजेता' म्हणजे स्ट्रेट पूलचा विजेता असंच समीकरण होतं.

प्रत्येक बॉलचा एक गुण. मारण्याआधी बॉल आणि पॉकेट सांगायचं. चौदा बॉल पडले की खेळ थांबतो आणि ते चौदा पुन्हा रॅकमध्ये म्हणजे त्रिकोणी चौकटीत लावतात, फक्त टोकाची जागा रिकामी ठेवतात. पंधरावा बॉल जिथे असेल तिथेच राहतो. खेळाडू तो पंधरावा पाडतो आणि त्याच फटक्यात पांढरा बॉल रॅकवर आदळवून नवे बॉल फोडतो. सगळी कसरत आधीचे दोन-तीन बॉल कोणत्या क्रमाने पाडायचे यात आहे. शेवटचा बॉल रॅकच्या बाजूला, पांढरा त्याच्या मागे योग्य कोनात, ही मांडणी साधली तर खेळी चालू राहते. साधली नाही तर समोरचा उठतो आणि कदाचित तासभर बसत नाही.

साधा फाउल म्हणजे एक गुण वजा. लागोपाठ तीन फाउल झाले की आणखी पंधरा वजा. पहिल्या ब्रेकला पांढरा बॉल आणि किमान दोन रंगीत बॉल कुशनला म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबराला लागले नाहीत तर दोन गुण वजा.

पंच चुकायचे ते पंधराव्या बॉलवर. तो रॅकच्या त्रिकोणात अडकला असेल आणि पांढरा बाहेर असेल, तर पंधरावा रॅकच्या विरुद्ध टोकाकडच्या म्हणजे हेड स्पॉटवर जातो. दोन्ही त्रिकोणात असतील तर पूर्ण पंधरा बॉलचा रॅक लागतो आणि पांढरा हेड लाइनच्या मागून खेळतात. बॉल आत आहे की बाहेर हे नजरेने ठरवायला गेलं की भांडण ठरलेलं. म्हणून कापडावर रॅकच्या बाहेरच्या कडेने पेन्सिलीची बारीक रेघ ओढून ठेवतात. स्पर्धा सुरू होण्याआधी ती रेघ प्रत्येक टेबलावर आहे ना, हे पाहणं आयोजकाचं काम.

या स्पर्धा भरवायचं कोण?

सुरुवातीला टेबलं बनवणारे. ब्रन्सविक-बाल्के-कॉलेंडर ही कंपनी आणि तिच्या आधाराने चालणाऱ्या संघटना विजेतेपदाच्या लढती घडवून आणत. राल्फ ग्रीनलीफने १९१९ मध्ये पहिलं जागतिक विजेतेपद मिळवलं ते या व्यवस्थेत. टेबलाच्या वर तिरपा मोठा आरसा टांगून त्याने नाट्यगृहातही प्रयोग केले, म्हणजे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही टेबलाचा पृष्ठभाग दिसे. प्रेक्षकाला बॉल दिसत नाहीत हा या खेळाचा मूळ अडथळा आहे, आणि त्यावरचा हा फार चांगला उपाय होता.

१९४८ मध्ये बिलियर्ड काँग्रेस ऑफ अमेरिका स्थापन झाली. १९५० च्या दशकाच्या शेवटी पूल हॉल ओस पडू लागले आणि कंपन्यांनी हात आखडता घेतला. तिथून पुढे एकेकट्या माणसांनी हे काम उचललं. कोणी बारमालक, कोणी पूल हॉल चालवणारा, कोणी स्वतः खेळाडू. आमच्या मते खरा रोचक काळ हाच आहे, आणि कागदपत्रं सर्वांत कमी आहेत तीही याच काळाची.

जॉन्स्टन सिटीचं नाव इतकं का घेतलं जातं?

दक्षिण इलिनॉयमधलं हे कोळसा खाणींच्या पट्ट्यातलं छोटं गाव. जॉर्ज आणि पॉली जॅन्स्को या भावांचा तिथे शो बार नावाचा बार होता. १९६१ मध्ये त्यांनी देशभरातले पैशांवर खेळणारे खेळाडू बोलावून वन पॉकेटची स्पर्धा भरवली. ती जॉनी व्हेविसने जिंकली.

हे खेळाडू त्याआधी स्पर्धांत दिसत नसत, कारण त्यांचं पोट नाव लपवण्यावर चालायचं. ओळख पटली की पुढच्या गावात कोणी पैसे लावणार नाही. शिवाय सभ्य मंडळींच्या निमंत्रित स्पर्धांत त्यांना जागाही नव्हती. जॅन्स्को बंधूंनी त्यांना नाव सांगून, लोकांसमोर, बक्षिसासाठी खेळायला लावलं. हे त्या भावांचं खरं काम आहे आणि त्याचं श्रेय त्यांना पुरेसं मिळालं नाही.

पुढच्या वर्षी नाइन बॉल (सर्वांत लहान आकड्याच्या बॉलला आधी मारत नऊ नंबरचा पाडणारा जिंकतो) आणि स्ट्रेट पूलची भर पडली. मग तिन्ही प्रकारांचे विजेते आपसांत खेळत आणि त्यातून 'ऑल राउंड' विजेता ठरे. ही रचना फार शहाणपणाची होती. वन पॉकेटला डोकं आणि संयम लागतो, नाइन बॉलला लांब फटका आणि ब्रेक, स्ट्रेट पूलला सलग एकाग्रता. तिन्हींत टिकणारा माणूस विरळा. सुरुवातीच्या वर्षांत तो ल्यूथर लॅसिटर होता, नॉर्थ कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटीचा, ज्याला सगळे 'विम्पी' म्हणत. १९६५ मध्ये हॅरल्ड वर्स्टने ऑल राउंड जिंकली. वर्स्ट मूळचा थ्री कुशनचा, म्हणजे पॉकेट नसलेल्या टेबलावरच्या बिलियर्ड्सचा खेळाडू, १९५४ चा त्या खेळाचा जागतिक विजेता. १९६६ मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी, तो कर्करोगाने गेला.

स्पर्धा काही आठवडे चालायची. अधिकृत सामने संपले की रात्रभर खासगी पैजांचे सामने रंगत, आणि बरेच प्रेक्षक त्यासाठीच येत. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने १९६० च्या दशकात तिथले सामने चित्रित करून दाखवले.

वन पॉकेट म्हणजे काय?

रॅकच्या बाजूची दोन कोपऱ्यातली पॉकेटं, प्रत्येक खेळाडूचं एक. आपल्या पॉकेटात आधी आठ बॉल पाडणारा जिंकला. बाकी चार पॉकेटांत पडलेला बॉल कोणाचाच नाही, तो परत टेबलावर ठेवतात. ऐकायला सोपं, पण एकेक डाव दीड तास चालू शकतो, कारण निम्मा वेळ समोरच्याला फटकाच मिळू नये यासाठी खर्च होतो. आयोजकाने वेळापत्रक आखताना वन पॉकेटला नाइन बॉलच्या हिशेबात बसवू नये. सगळा दिवस कोलमडतो.

जॉन्स्टन सिटीची स्पर्धा बंद का झाली?

१९७२ मध्ये संघराज्य सरकारच्या यंत्रणेने स्पर्धा चालू असताना छापा टाकला आणि जुगाराच्या आरोपाखाली खेळाडू आणि आयोजकांना धरलं. १९७० मध्ये अमेरिकेत संघटित गुन्हेगारीविरुद्ध नवा कायदा आला होता, त्यात जुगाराचा धंदा चालवणं हा संघराज्याचा गुन्हा ठरला होता. रात्रीच्या पैजा उघड चालत, त्यामुळे लपवण्यासारखं काही नव्हतंच. त्यानंतर जॉन्स्टन सिटीला स्पर्धा झाली नाही. जॅन्स्कोंनी १९६५ पासून लास वेगासच्या स्टारडस्ट हॉटेलातही त्याच धर्तीची स्पर्धा चालवली होती. तिथली पहिली ऑल राउंडही वर्स्टचीच.

मिनेसोटा फॅट्स जॉन्स्टन सिटीचा विजेता होता ना?

नाही. रुडॉल्फ वॉन्डरोन शेजारच्याच डॉवेल गावात राहायचा, तिथे हजर असायचा आणि बोलण्याने गर्दी खेचायचा. आधी तो 'न्यूयॉर्क फॅट्स' म्हणून ओळखला जायचा. १९६१ च्या एका हॉलिवूडपटातल्या पात्राचं नाव त्याने स्वतःला लावून घेतलं. मोठी स्पर्धा त्याने कधी जिंकली नाही. १४ फेब्रुवारी १९७८ ला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात पंधरा वेळच्या जागतिक विजेत्या विली मॉस्कोनीने त्याला टीव्हीवर हरवलं. पण आयोजकाच्या दृष्टीने पाहिलं तर फॅट्ससारखा माणूस तिकीट खपवतो, आणि त्या काळी पूलला प्रेक्षक मिळवून देण्यात त्याचा वाटा मोठा आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

एकाच वर्षी दोन-तीन 'जागतिक विजेते' कसे?

कारण तीन वेगळ्या प्रकारची विजेतेपदं होती.

पहिला प्रकार आव्हानाचा. गादीवरच्या विजेत्याला आव्हान द्यायचं आणि ठरलेल्या गुणांची लढत अनेक बैठकांत खेळायची. दुसरा निमंत्रितांच्या साखळी स्पर्धेचा. यात सगळे सगळ्यांशी खेळतात. सोळा खेळाडू असतील तर १२० सामने होतात, म्हणजे खर्च आणि दिवस दोन्ही अफाट. तिसरा प्रकार म्हणजे जॉन्स्टन सिटीसारख्या आयोजकाने स्वतःच 'वर्ल्ड' हे नाव दिलेली स्पर्धा. मॉस्कोनीच्या नावावर १९४१ ते १९५७ मध्ये पंधरा जागतिक विजेतेपदं आहेत, त्यात आव्हानाच्या लढती आणि स्पर्धा दोन्ही धरलेल्या आहेत. त्यामुळे 'कोण किती वेळा' ही तुलना करण्याआधी प्रकार तपासा. यादी करत असाल तर प्रत्येक नोंदीपुढे स्पर्धेचा प्रकार, गाव आणि सामना किती गुणांचा, हे तीन रकाने ठेवा.

यूएस ओपन एक की दोन?

दोन, आणि ही गल्लत सर्रास होते.

स्ट्रेट पूलची यूएस ओपन बिलियर्ड काँग्रेसने १९६६ मध्ये शिकागोत सुरू केली. पहिल्याच अंतिम सामन्यात आयर्व्हिंग क्रेनने जो बाल्सिसविरुद्ध एकाच खेळीत १५० गुण करून सामना संपवला. स्टीव्ह मिझेरॅकने ती १९७० ते १९७३ अशी सलग चार वर्षं जिंकली.

नाइन बॉलची यूएस ओपन बॅरी बेहरमनने १९७६ मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोकला सुरू केली. पहिला विजेता माइक सायगल. संघटना, कंपनी असं पाठीशी काही नसताना एका पूल हॉल चालवणाऱ्या माणसाने ती स्पर्धा चार दशकं टिकवली. बेहरमन २०१६ मध्ये वारला.

स्त्रियांच्या स्पर्धा होत्या का?

होत्या. १९६७ पासून यूएस ओपनमध्ये स्त्रियांचा विभाग होता. पहिली पाच वर्षं डोरोथी वाइज जिंकली, नंतर १९७२ ते १९७८ सलग सात वर्षं जीन बालुकस. बालुकस १९६९ मध्ये पहिल्यांदा खेळली तेव्हा नऊ वर्षांची होती. जुन्या निकालांत स्त्रियांचा विभाग अनेकदा तळाशी एका ओळीत उरकलेला असतो, म्हणून मूळ कार्यक्रमपत्रिका मिळाली तर तीच प्रमाण माना.

कृष्णवर्णीय खेळाडू या याद्यांत इतके कमी का दिसतात?

निमंत्रण कोणाला द्यायचं हे आयोजकाच्या हातात होतं, आणि ते त्यांना दिलं जात नसे. जेम्स 'सिसेरो' मर्फी हा ब्रुकलिनचा खेळाडू वर्षानुवर्षं त्या दर्जाचा असूनही बाहेरच राहिला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बरबँकला त्याला जागतिक स्पर्धेत घेतलं आणि पहिल्याच प्रयत्नात तो ती जिंकला. स्पर्धा भरवणाऱ्यांची आठवण काढायची तर हा हिशेबही त्यातच येतो. नुसत्या निकालाच्या यादीवरून त्या काळचे उत्तम खेळाडू ठरवता येत नाहीत.

दोनदा हरेपर्यंत बाद न करणारा तक्ता कसा आखायचा?

याला डबल एलिमिनेशन म्हणतात आणि जुन्या स्पर्धांचा तो कणा आहे. एक बाजू न हरलेल्यांची, दुसरी एकदा हरलेल्यांची.

हिशेब असा. ६४ खेळाडू असतील तर जिंकणाऱ्या बाजूला ६३ सामने, हरलेल्या बाजूला ६२, आणि एक अंतिम. एकूण १२६. अंतिम सामन्यात न हरलेला हरला आणि पुन्हा खेळवायचं ठरलं असेल तर १२७. न हरणारा सहा सामने जिंकून अंतिम फेरीत येतो. पहिलाच सामना हरलेल्याला दहा सामने जिंकावे लागतात.

आयोजक फसतो तो टेबलांच्या हिशेबात. १६ टेबलं असली की १२६ भागिले १६, म्हणजे आठ फेऱ्या, असं कागदावर दिसतं. पण हरलेल्या बाजूची साखळी एकामागून एकच चालते. पहिली फेरी, मग दहा फेऱ्या, मग अंतिम, म्हणजे किमान बारा टप्पे. दीड तासाचा एक टप्पा धरला तर १८ तास, आणि पहिल्या फेरीत ३२ सामने १६ टेबलांवर दोनदा लावावे लागतात ते वेगळे. दोन दिवसांत हे बसवलं की शेवटचे सामने पहाटे होतात आणि हरलेल्या बाजूचा खेळाडू उभाच राहू शकत नाही. ६४ जणांना चार दिवस द्या.

आकडा पूर्ण भरला नाही तर मोकळ्या जागा म्हणजे बाय द्यावे लागतात. ५० जण असतील तर १४ बाय. ते सगळे पहिल्याच फेरीत, तक्त्यात सारखे विखुरलेले, आणि दोन बाय समोरासमोर कधीही नाहीत. हरलेल्याला दुसऱ्या बाजूला उतरवताना वरच्या अर्ध्यातला खालच्या अर्ध्यात न्यायचा, नाहीतर नुकतेच खेळलेले दोघं लगेच पुन्हा समोर येतात. ही अदलाबदल तक्ता आखतानाच लिहून ठेवा. स्पर्धा चालू असताना ठरवलं की पक्षपाताचा आरोप होतो आणि तो खोडता येत नाही.

तक्ता मोठ्या पुठ्ठ्यावर, सगळ्यांना दिसेल असा, आणि निकाल शाईने लिहिणारा माणूस एकच.

'कॅलकटा' हा काय प्रकार आहे? नाव आपल्या कलकत्त्यावरून?

होय, कलकत्त्यावरूनच. ब्रिटिश काळात तिथे घोड्यांच्या शर्यतीवर अशा लिलावाची पद्धत होती. तीच गोल्फमध्ये आणि पूलमध्ये गेली.

स्पर्धेच्या आदल्या रात्री प्रत्येक खेळाडूचा लिलाव होतो. सगळ्या बोलींची रक्कम एका पेटीत. ज्याने विकत घेतलेला खेळाडू वर येईल त्याला वाटा. उदाहरण म्हणून पेटीत १०,००० डॉलर जमले आणि आयोजकाने दहा टक्के ठेवले, तर ९,००० उरतात. पहिल्याला ४० टक्के म्हणजे ३,६००, दुसऱ्याला २५ टक्के म्हणजे २,२५०, तिसऱ्याला १५ टक्के म्हणजे १,३५०, चौथ्याला १० टक्के म्हणजे ९००, आणि पाचव्या-सहाव्याला प्रत्येकी ४५०. हे टक्के लिलावाआधी जाहीर झालेले असायला हवेत.

खेळाडूला आपला निम्मा हिस्सा खरेदीदाराकडून त्याच दराने घेता येतो, पण स्वतःच्या पहिल्या सामन्याआधीच. ही सोय महत्त्वाची आहे, कारण खेळाडूचा स्वतःचा पैसा अडकलेला नसेल तर हरण्यासाठी त्याला कोणीही विकत घेऊ शकतं. आणखी दोन ठिकाणी गडबड व्हायची. बोली लावून लगेच रोख न देणारा खरेदीदार, आणि एकाच माणसाने घेतलेले दोन खेळाडू समोरासमोर येणं.

हा जुगार आहे हे स्पष्ट समजून घ्या. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत तो बेकायदा होता आणि आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. स्थानिक स्पर्धेत हे करू नका.

बक्षिसाचे पैसे यायचे कुठून?

प्रवेशशुल्क आणि आयोजकाने वर घातलेली रक्कम. १०० खेळाडू, प्रत्येकी २०० डॉलर, म्हणजे २०,०००, आणि जाहिरातीत '१०,००० अॅडेड' असेल तर एकूण ३०,०००. धोका असा की वरचे १०,००० तिकीटविक्रीतून येतील या आशेवर जाहीर केलेले असतात. वादळ आलं, प्रायोजक मागे गेला, प्रेक्षक कमी आले की आयोजक प्रवेशशुल्कातूनच हॉलचं भाडं देतो आणि विजेत्याला पुढच्या तारखेचा धनादेश मिळतो. ही दुखणी फक्त जुन्या काळाची नाहीत. २००६ मध्ये आयपीटी म्हणजे इंटरनॅशनल पूल टूर या मालिकेच्या रीनो इथल्या स्पर्धेत फिलिपिनो खेळाडू एफ्रेन रेयेसने ५ लाख डॉलरचं पहिलं बक्षीस जिंकलं, पण ते पैसे वेळेवर दिले गेले नाहीत.

उपाय एकच आहे. जाहीर केलेली रक्कम पहिल्या सामन्याआधी वेगळ्या खात्यात, दोन जणांच्या सहीने.

जुना नाइन बॉल आजच्यापेक्षा वेगळा होता का?

बराच. आज फाउल झाला की समोरच्याला पांढरा बॉल टेबलावर हवा तिथे ठेवता येतो. जुन्या 'टू फाउल' पद्धतीत अडकलेला खेळाडू कधीही पुश आउट करू शके, म्हणजे पांढरा बॉल कुठेही ढकलून द्यायचा. मग समोरचा ठरवणार, स्वतः मारायचं की त्यालाच परत मारायला लावायचं. एकाच खेळाडूचे लागोपाठ दोन फाउल झाले तरच बॉल हातात मिळायचा. त्यामुळे मी मारू शकतो पण तू नाही, असा नेमका अवघड फटका मागे सोडण्याची कला होती. १९८० च्या दशकात एका फाउलचा नियम रुळला, कारण डाव लवकर संपतो आणि टीव्हीला ते सोयीचं. खेळ वेगवान झाला हे खरं, पण लांब फटक्यांचा तो धाडसी हिशेब गेला याचं आम्हाला वाईट वाटतं.

जुन्या पद्धतीची स्पर्धा भरवत असाल तर हा नियम खेळाडूंच्या बैठकीत तोंडी सांगा आणि प्रत्येक टेबलाजवळ लावा. तरुण खेळाडू पहिल्या फाउललाच पांढरा बॉल उचलतात आणि डाव बिघडतो.

टेबल, कापड आणि बॉल यांत फरक काय होता?

साधारण १९५० पर्यंत मोठ्या स्पर्धा पाच बाय दहा फुटांच्या टेबलावर, नंतर साडेचार बाय नऊवर. नऊ फुटी टेबलाची खेळायची जागा १०० बाय ५० इंच. कापड जाड आणि लव असलेलं, म्हणून बॉल हळू धावत आणि रॅक फोडायला जोर लागे. आजचं गुळगुळीत कापड घालून जुन्या खेळ्यांशी तुलना करू नये. पॉकेटं मात्र अनेक ठिकाणी आजच्यापेक्षा रुंद होती. बॉल तेव्हाही सव्वादोन इंचांचेच.

मॉस्कोनीच्या ५२६ च्या खेळीचं काय?

स्ट्रेट पूलमध्ये न चुकता सलग ५२६ बॉल. मार्च १९५४, स्प्रिंगफील्ड, ओहायो. ती प्रदर्शनी सामन्यातली खेळी होती आणि टेबल चार बाय आठ फुटांचं होतं. स्पर्धेत सामना १५० गुणांना संपत असल्याने तिथे १५० च्या वर जाता येत नसे. म्हणून दोन नोंदी वेगळ्या ठेवा.

खेळाडू टोपणनावाने नाव नोंदवायचे ते आयोजक चालवून कसा घ्यायचा?

इलाज नसायचा. १९८५ मध्ये ह्यूस्टनला रेड्स ओपनमध्ये 'सेझार मोरालेस' नावाच्या फिलिपिनो खेळाडूने स्पर्धा जिंकली, तो एफ्रेन रेयेस होता. अमेरिकेत तोवर त्याचा चेहरा फारसा कोणाला माहीत नव्हता. जुन्या याद्यांत एकच माणूस दोन नावांनी सापडणं म्हणूनच नवल नाही.

१९७२ नंतर ही परंपरा कोणी जपली?

बेहरमनचं नाव वर आलंच आहे. ग्रेडी मॅथ्यूजने, स्वतः वन पॉकेटचा मोठा खेळाडू असूनही, त्या खेळाच्या स्पर्धा भरवल्या, समालोचन केलं आणि तो खेळ शिकवला. तो २०१२ मध्ये वारला. न्यू जर्सीच्या पॅट फ्लेमिंगने अॅक्यू-स्टॅट्स सुरू करून सामने चित्रित केले आणि खेळाडूची कामगिरी मोजायची पद्धत दिली. पाडलेले बॉल भागिले पाडलेले अधिक चुका. ७२ बॉल आणि ८ चुका म्हणजे ०.९००, आणि ही उच्च दर्जाची खूण मानतात. त्या फिती नसत्या तर १९८० नंतरचे कित्येक सामने फक्त ऐकीव राहिले असते.

१९९९ मध्ये डायमंड टेबलांच्या ग्रेग सुलिव्हनने डर्बी सिटी क्लासिक सुरू केली. बँक पूल (बॉल कुशनवर आपटवूनच पाडायचा), वन पॉकेट आणि नाइन बॉल असे तीन विभाग, आणि तिन्हींत मिळून सरस ठरणाऱ्याला 'मास्टर ऑफ द टेबल'. जॉन्स्टन सिटीची ऑल राउंडची कल्पना इथे पुन्हा जिवंत झाली.

जुन्या फोटोचा काळ कसा ओळखायचा?

आधी टेबल पाहा. ब्रन्सविकचं गोल्ड क्राउन दिसलं तर फोटो १९६१ किंवा त्यानंतरचा. माणसाच्या मानाने टेबल अवाढव्य वाटलं तर दहा फुटी, म्हणजे बहुधा १९५० च्या आधीचा. वर तारेत ओवलेले लाकडी मणी दिसले तर स्ट्रेट पूल किंवा वन पॉकेट चालू आहे, क्यूच्या टोकाने मणी सरकवून गुण मोजत. खेळाडू टक्सिडोत असतील तर निमंत्रितांची स्पर्धा असण्याची शक्यता अधिक. टेबलावर नऊच बॉल आणि समभुज चौकोनी रॅक असेल तर नाइन बॉल. मागच्या भिंतीवरचा तक्ता वाचता आला तर सोनंच, म्हणून फोटो स्कॅन करताना कडा कापू नका.

घरात जुन्या कार्यक्रमपत्रिका, तक्ते, फिती आहेत. काय करावं?

लॅमिनेट करू नका, ते परत काढता येत नाही. कात्रणांचा कागद आम्लामुळे पिवळा पडतो आणि शेजारच्या कागदालाही डाग देतो, म्हणून प्रत्येक कात्रण वेगळ्या पॉलिएस्टर पाकिटात ठेवा. पीव्हीसीचं पाकीट नको. टाचण्या आणि रबरबँड आधी काढा. फोटो ६०० डीपीआयला, छापील मजकूर ३०० ला स्कॅन करा, आणि मागची बाजूही करा, कारण नावं तिथे पेन्सिलीने लिहिलेली असतात. सोळा मिलिमीटरच्या रिळाला व्हिनेगरचा वास येत असेल तर ते बाकीच्या रिळांपासून लगेच दूर ठेवा आणि प्रोजेक्टरवर चालवून पाहू नका. आकसलेली फिल्म दात्यांवर फाटते.

स्पर्धा भरवलेल्या वयस्कर माणसाशी बोलायची संधी आहे. काय विचारू?

'कोण सर्वांत भारी होता?' हे शेवटी विचारा. त्याचं उत्तर सगळ्यांकडे असतं. आधी विचारा की टेबलं कोणी आणली आणि कोणी बसवली. टेबलाची दगडी पाटी समपातळीत आणायला किती वेळ लागला. कापड कोणत्या दिवशी बदललं. रात्री तक्ता कोण भरायचं. पंचांना रोजचे किती मिळत. प्रवेशशुल्क किती, तिकीट किती, हॉलचं भाडं किती, आणि शेवटी खिशातून किती गेले. जेवण कोण करायचं, कारण अनेक ठिकाणी आयोजकाची बायकोच सगळ्यांना खाऊ घालायची आणि दारावर तिकिटंही तीच फाडायची, आणि तिचं नाव एकाही पत्रिकेत नसतं. तिचं नाव, स्पेलिंगसह, लिहून घ्या.